चौथा डबा

३ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही यशूची. पहिल्या नऊ पानांवर तिचे पाढे आहेत. सातचा चुकलेला दिसतोय, पण सातचा माझाही कच्चाच, म्हणून हात लावला नाही. दहाव्या पानापासून वही माझी.

पल्लवी वहिनीचं म्हणणं असं, की रोज डब्यात काय दिलं ते लिहायचं. "भाऊजी, एकच भाजी आठवड्यात दोनदा नको. पाकिटातलं काही नको. काहीतरी हिरवं, काहीतरी डाळीचं, आणि यशूला चावता येईल असं."

आई काल अकोल्याला ताईच्या बाळंतपणाला गेली, ती पाच नोव्हेंबरला येणार. दादा संभाजीनगरला कंपनीत. मेडशीच्या घरात उरलो चौघं. बाबा सहाला शेतात जातात, सोयाबीन कापणीला आलंय. यशूच्या शाळेची गाडी आठला. वहिनी आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला ऑफिसात कारकून, तिची एसटी पावणेनऊला. म्हणजे तीन डबे, आणि रिकामटेकडा माणूस एकच. मी पुण्याला एका मेसमध्ये चार महिने कांदे कापलेत. घरात त्याला शिक्षण धरलं गेलं.

आजचे डबे: तिघांना पोळी आणि बटाटा.

बाबांनी डबा घेतला आणि यशूकडे तोंड करून म्हणाले, "यशू, तुह्या काकाले विचार, आज डबा देऊन राह्यला, उद्या असन काय हा घरी?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

यशूने विचारलं, "काका, उद्या असशील का?"

"सांग त्याईले, असन म्हणा."

"असन म्हणते, आबा."

आमचा कारभार असा चालतो. त्याचं कारण लिहूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत सोयाबीनची गंजी शेतात लागलेली, मळणीयंत्र यायचं होतं, आणि बाबांनी मला पोती शिवायला सुतळी आणायला मालेगावला धाडलं. सुतळी घेतली. नाक्यावर एक बँडवाल्यांची गाडी उभी होती, त्यांना झांजा वाजवायला माणूस कमी होता. मी म्हटलं, एक लग्न करून येतो. लग्नं वाढत गेली. हैदराबाद, पुढे सोलापूर, पुढे पुण्याची मेस. आठ महिन्यांनी घरी आलो तेव्हा सुतळीचा गुंडा पिशवीत तसाच होता. मी तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी खुंटीला अडकवला आणि तेव्हापासून माझ्याशी सरळ बोलले नाहीत.

वहिनी आज निघताना म्हणाली, "आई येईपर्यंत टिकाल ना? या खेपेला अर्ध्यात गेलात, तर बाबा यशूच्या मार्फतसुद्धा बोलणार नाहीत."

टिकतो म्हटलं. महिन्याचा तर प्रश्न.

५ ऑक्टोबर, गुरुवार

वरण-फळं दिली. घरी ताटात खाल्ली तर स्वर्ग, पण डब्यात देऊ नयेत. यशूच्या परिसर अभ्यासाच्या वहीत 'पाण्याचे स्रोत' या धड्यावर वरण सांडलं. बाई हसल्या म्हणे. वहिनी हसली नाही.

यशूने मला समजावून सांगितलं, "काका, डब्यातलं खाणं कसं पाह्यजे? पळालं नाही पाह्यजे."

मेसमध्ये एवढं कोणी शिकवलं नव्हतं.

बाबांचा डबा धुतलेला आला. आत चार हिरव्या मिरच्या. म्हणजे जेवण अळणी होतं. बरं आहे. बोलायचं नाही, पण तक्रार मात्र करायची.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

मिरच्यांचा ठेचा केला. बाबांना भाकर, ठेचा, मोकळं बेसन. वहिनीलाही तेच. यशूला धिरडी, मुगाच्या डाळीची, त्यात कोथिंबीर लपवून. लपवलेली तिने शोधून काढली आणि तरी खाल्ली.

शेजारच्या गोजराबाईने काल वाटीभर कढी दिली होती, तिची वाटी मी आज नेऊन दिली. तिने वाटी उलटी करून पाहिली. दहा मिनिटांत अकोल्याहून आईचा फोन. बाई मोबाइलवर इतक्या तत्पर आहेत हे मला माहीत नव्हतं.

"संघदीप, रिकामी वाटी देल्ली तू गोजराले?"

"मंग काय भरून देऊ? कढी संपली ना."

"अरे बापा! कोणाचं भांडं रिकामं वापस देत नसते. चिमूटभर साखर टाक, दोन मिरच्या टाक, काही टाक. इतका मुलूख फिरला, हे नाही शिकला?"

मुलूखभर मी हॉटेलात खाल्लं, आई. तिथं वाट्या त्यांच्याच असतात.

गोजराबाईला नंतर गूळ नेऊन दिला. "आता आणला व्हय?" म्हणाली, पण घेतला. ती आमच्याच वावरात सोयाबीन कापायला असते आणि दुपारी बाबांच्या शेजारीच जेवते, म्हणून तिच्याशी बिघडवून चालत नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवस लिहिलं नाही. रविवार गेला, सोमवारी घोटाळा झाला. ज्वारी दळायला गिरणीवर गेलो तर गिरणीचा पट्टा निसटत होता. मी म्हटलं, दाखवा बरं. पट्टा बसवला, मग मालकाने स्कूटी दाखवली, तिचा कार्ब्युरेटर खोलला, मग त्याच्या पोराचा पतंग झाडावर अडकला होता. घरी आलो तर हातात पतंगाचा मांजा आणि पीठ गिरणीवरच.

सकाळी पाचला डब्यात हात घातला तर ज्वारीचं पीठ नाही. पोळ्यांना पुरेल इतकी कणीकही नाही. दीड वाटी होती, तिची उकडपेंडी केली. कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता, वरून लिंबू. तिघांनाही तीच. भीत भीत दिली.

संध्याकाळी यशू उड्या मारत आली. तिच्या मैत्रिणीने नूडल्स दिले आणि बदल्यात अर्धी उकडपेंडी नेली. वहिनी म्हणाली, ऑफिसातल्या दोघींनी कृती विचारली. आता ही कृती चूक झाल्यामुळे सापडली हे कसं सांगायचं? म्हटलं, मनात होतीच.

बाबांच्या डब्यात चवळीच्या शेंगा आल्या. उद्याची भाजी ठरवून दिली म्हणजे. बरं बुवा, मालक.

११ ऑक्टोबर, बुधवार

चवळीच्या शेंगा, तिळकूट लावून. पोळी. यशूला शेंगा सोलून दाण्यांची उसळ, वेगळी. तिला 'रेल्वेचे डबे' म्हणून गाडीसारखी मांडून दिली, त्यात पंधरा मिनिटं गेली आणि शाळेची गाडी मी धावत जाऊन थांबवली. गाडीवाला म्हणाला, "भाऊ, डब्यासाठी गाडी थांबवणारा तूच पहिला. लोकं पोट्ट्यासाठी थांबवतात."

१६ ऑक्टोबर, सोमवार

हप्त्याचा हिशेब घातला, म्हणजे डब्यांचा: अंबाडीची भाजी आणि कळण्याची भाकर, दोडक्याची चटणी, भोपळ्याच्या गोड पुऱ्या, पालकाचं फुनकं, फोडणीची भाकर. एकही दोनदा नाही. यशूच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, 'डब्यात चांगली विविधता असते. पालकांचे कौतुक.' वहिनीने ते मोठ्याने वाचलं. बाबा खाटेवर बसून ऐकत होते.

"यशू, बाईले सांगजो," ते म्हणाले, "विविधता वावरातून येते म्हणा."

तेही खरं आहे. अंबाडीचा पाला त्यांच्याच डब्यातून आला होता, दोडकेही. शनिवारी तर सीताफळ आलं, पिकलेलं, डब्यात बसवायला झाकण वाकवलं होतं. सीताफळाची काय भाजी करायची, हे मला समजेना. म्हणून आम्ही खाऊन टाकलं. अर्धं यशूने, अर्धं मी. बाबांना विचारलं तर (यशूमार्फत) म्हणाले, "खाल्लं काय? मंग झालं." राग नव्हता. ऑर्डर चुकीची गेली एवढंच बहुतेक.

मळणीयंत्र परवा येतंय. मी डबा घेऊन जाऊ का वावरात, असं यशूला विचारायला सांगितलं. उत्तर आलं, "वाटेत बँडची गाडी भेटन म्हणा."

टोमणा नेमका होता. हसलो, पण दिवसभर कानात राहिला.

१८ ऑक्टोबर, बुधवार

धनसिंगचा फोन! मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, सोलापूरला आम्ही एका खोलीत होतो. आता ट्रकवर ड्रायव्हर झालाय. मालेगावच्या बागांतला संत्रा भरून २८ तारखेला कलकत्त्याला चाललाय आणि क्लीनरची जागा रिकामी आहे.

"अबे, हुगळीचा पूल दाखवतो तुले. मासे खाऊ. पंधरा दिवसात वापस."

त्याचे पंधरा दिवस आणि माझे पंधरा दिवस, दोन्ही मला माहीत आहेत. पण कलकत्ता! सकाळपासून पायाला मुंग्या आल्यात. पोळी लाटताना नकाशाच लाटत होतो, एकही गोल आली नाही.

मळणी झाली. बाबा धुळीने पांढरे होऊन आले. डब्यात आज कागदाची पुडी, आत वाटाणे. वाळलेले, बारीक, करडे, आणि सगळ्यांना राख माखलेली. म्हाताऱ्याने डबा राखेने घासला आणि धुवायचं विसरला दिसतो. वाटाणे चार पाण्यांनी धुतले तेव्हा स्वच्छ झाले. रंग काही वेगळाच आहे, ठिपके ठिपके.

डबा देताना बाबा दारात जरा थांबले. काहीतरी म्हणतील असं वाटलं. मग यशू झोपलेली पाहून आत गेले.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

वाटाण्याची उसळ. रात्रभर भिजवून, नऊ शिट्ट्या घेऊन. हे वाटाणे शिजायला फार हट्टी. पण वास असा, की मीच अर्धी वाटी उभ्याने खाल्ली. गोडा मसाला नाही, नुसतं लसूण, खोबरं, जिरं. तिन्ही डब्यांत दिली, बाबांना जास्त.

(संध्याकाळ)

आता जे झालं ते लिहिताना कान गरम होतात.

गोजराबाई वावरातून थेट आमच्या दारात आली. धाप लागलेली, डोळ्यात पाणी, मला वाटलं साप चावला कोणाला. ती हसत होती.

"संघ्या! काय शिजोलं रे तू?"

"उसळ. वाटाण्याची."

"देवमन भाऊनं, तुह्या बापानं, डबा उघडला. पाह्यलं. एक दाणा उचलला, उन्हात धरला. मी म्हणलं, काय झालं भाऊ? तर म्हणे, गोजरा, हे बियाणं हाये. आन मंग जे हसले, जे हसले! ठसका लागला माणसाले. पाणी पाजलं म्या. दोन वर्षात पाह्यलं नव्हतं तसं हसताना."

बियाणं. राख डबा घासल्याची नव्हती. कीड लागू नये म्हणून बियाण्याला राख लावतात. आमच्या घरात दर वर्षी मडक्यात राख भरून ठेवतात, मी लहानपणी त्यात हात घालून मार खाल्लाय. विसरलोच कसा? हा वाटाणा आईने माहेराहून आणलेला, दुकानात मिळत नाही.

बाबा आले. मी दारात उभा. यशू मध्ये उभी राहिली, तिला तिचं काम माहीत आहे. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं.

"मातीत टोकाले देल्लं होतं," ते म्हणाले. मला. सरळ. "विहिरीजवळचे दोन वाफे सोडले तुह्यासाठी. अन् त्वा फोडणी देल्ली."

"मले काय माहीत? तुमी बोलले कुठं?"

"हो. तेबी हाये."

मी विचारलं, "कशी झाली होती पण?"

"मीठ बरोबर होतं," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दोन वाफे म्हणजे शिक्षाच दिसते, फिरण्याची. आणि वाटाणा हाती यायला जानेवारी उजाडतो. तोवर कोण थांबतं एका जागी? बियाणं शिजलं ते एका परीने बरं झालं.

बरं झालं असं लिहिलं, पण बरं वाटत नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

मेथीचे ठेपले, जवसाची चटणी, दही वेगळ्या डबीत. दही पळालं नाही.

बाबा आता थेट बोलतात, पण मोजून. सकाळी "दे." संध्याकाळी "घे." तेवढंच. आज 'घे'मध्ये भेंड्या होत्या.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

घरी सांगितलं. उद्या धनसिंगबरोबर जातो म्हणून. आई यायला आठच दिवस राहिलेत, सोयाबीन घरात आलंय, पंधरा दिवसांनी येतोच. सगळं पाठ करून ठेवलं होतं ते एका दमात बोललो.

वहिनी भांडी लावत होती. ती म्हणाली, "जा. वही तेवढी पूर्ण लिहून जा. मला पुढचे आठ दिवस कामी येईल." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

यशू म्हणाली, "मंग माह्या डब्यात बिस्कीट?"

"नाही बे, आई देईल ना काही."

"आईची गाडी चुकते मंग." ती वहीत आगगाडीचं चित्र काढू लागली. प्रत्येक डब्यात एकेक भाजी काढली आणि इंजिन काढलंच नाही.

बाबांनी ऐकून घेतलं. जेवून झोपले. यशूमार्फतसुद्धा बोलले नाहीत. वहिनीने सांगितलं होतं तसंच झालं.

२८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी साडेचारला उठलो, निदान आजचे डबे करून जावं म्हणून. स्वयंपाकघरात दिवा लागलेला. बाबा भाकर थापत होते. मी जन्मात त्यांना भाकर थापताना पाहिलं नाही. एक बाजू करपलेली, एक कच्ची, जाडी घराच्या कौलाएवढी. शेजारी ठेचा आणि फोडलेला कांदा.

आईचा जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा फळीवरून काढला होता. त्यात भाकरी भरल्या, झाकण बसेना, म्हणून वरून सुतळीने बांधला. सुतळी मी ओळखली. खुंटी रिकामी होती.

"मांगच्या खेपेले उपाशी गेला होता," बाबा म्हणाले. डबा माझ्या हातात दिला. "तुह्या मायचा डबा हाये. आणून देजो."

"आणतो."

एसटीने मालेगाव गाठलं. नाक्यावर धनसिंगचा ट्रक उभा, संत्र्याचा वास रस्त्याच्या या कडेपर्यंत. धनसिंग म्हणाला, आधी पोटात घालू, मग थेट नागपूर. टपरीच्या बाकावर डबा सोडला. भाकर तोडायला दोघं लागलो. ठेच्याने धनसिंगला घाम फुटला. "अबे, तुहा बाप आचारी नाही ना?" म्हणाला, आणि दुसरी भाकर घेतली.

तळाशी कागदाची पुडी होती. उघडली तर वाटाणे. राख माखलेले.

मी चक्रावलो. बियाणं तर मी शिजवलं होतं! म्हणजे बाबांनी सगळं दिलंच नव्हतं, अर्धं मागे ठेवलं होतं. माझ्या हाती सगळं बियाणं देण्याइतके ते भोळे नाहीत. पण मग हे डब्यात कसं? अंधारात मिठाची पुडी समजून घातलं असणार. साठीचा माणूस, चाळीस वॉटचा दिवा.

"धनसिंग, घोटाळा झाला. बियाणं आलं चुकून. वाफ्यात ओल आहे तोवर टोकायला पाह्यजे. मी देऊन येतो, तू थांब दोन तास."

धनसिंगने पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चुकून?"

"मंग काय?"

"तू येडा हायस का सोंग करून राह्यला, मले समजलं नाही अजून," तो म्हणाला. "माणूस थांबते, संत्रा थांबत नाही. तू जाय घरी."

"दोन तास रे."

"जाय. पुढच्या हंगामात पाहू कलकत्ता." आणि वर हसतोय.

मी डबा नळावर धुतला. सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. निघता निघता आईचं ते वाटीचं बोलणं आठवलं, आणि धनसिंगकडून पाच संत्री मागून डब्यात टाकली. झाकण पुन्हा बसेना.

एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलो आणि मेडशीच्या अलीकडे कुठेतरी डोक्यात उजेड पडला. मिरच्या, चवळी, अंबाडी, सीताफळ. एकही दिवस डबा रिकामा आला नव्हता. मी महिनाभर त्याला ऑर्डर समजत होतो! शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, काय झालं बाबू? म्हटलं, काही नाही, संत्र्याचा रस उडाला डोळ्यात. एकही संत्रं सोललेलं नव्हतं.

बाबा विहिरीजवळ होते. वाफे तयार, माती भुसभुशीत केलेली. मला पाहून उठले नाहीत.

"चुकून बियाणं आलं डब्यात," मी म्हणालो.

"हो काय?" बाबा म्हणाले. "म्हातारा झालो."

डबा उघडला. संत्री पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.

"आंबट हाये," म्हणाले आणि उरलेली चारही त्यांनीच खाल्ली.

सुतळी मी घरी येऊन खुंटीला लावली. यशूने आगगाडीला इंजिन काढलं आहे, त्यात एक माणूस बसवलाय, त्याच्या हातात झांजा आहेत. वहिनीने वही मागितली आणि म्हणाली, "कलकत्ता?" मी म्हटलं, "वाटाण्यानंतर." तिने मुगाची डाळ भिजत घातली.

उद्या रविवार. शाळा नाही, ऑफिस नाही, सगळे वावरात वाटाणा टोकायला. डबे: बाबांना भाकर, झुणका, कांदा. वहिनीला पोळी, भेंडी. यशूला मुगाची धिरडी, दही डबीत. आईच्या जर्मनच्या डब्यात भाकर आणि उरलेला ठेचा.

तो माझा. डबे हाती घेतले तेव्हापासून पहिल्यांदा डबे चार.